यंत्रमागाच्या भंगारातून गल्लीच्या तोंडाशी काही उभे करावे का?

प्रश्न : कांडीकर, इचलकरंजी

नमस्कार.

आमची गल्ली यंत्रमागांची आहे. होती, असे म्हणणे आता अधिक बरोबर ठरेल. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि तेव्हापासून हे गाव खडखडाटात जेवायला आणि झोपायला शिकले. अलीकडे धोटा (उभ्या धाग्यांमधून आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी भाग) नसलेले वेगवान माग आले, जुन्या साध्या मागाला माग म्हणून गिऱ्हाईक उरले नाही आणि तो किलोच्या भावाने जाऊ लागला. आमचे आठ माग असेच गेले. टेम्पो भरला जात असताना मी त्यातून दोन मागांच्या बाजूच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चौकटी, चार दातेरी चाके, थोड्या फण्या आणि पोतेभर धोटे व धोट्यात बसवायच्या धाग्याच्या कांड्या बाजूला काढून घेतल्या. का काढून घेतल्या, हे तेव्हा मला सांगता आले नसते. त्यातल्या एका धोट्यावर वडिलांनी खिळ्याने ‘८’ हा आकडा कोरलेला आहे, कारण आठव्या मागाचा धोटा दुसऱ्या मागावर गेलेला त्यांना खपत नसे.

गल्लीच्या तोंडाशी साधारण वीस फूट बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे पूर्वी सार्वजनिक नळकोंडाळे होते. घरोघरी नळ आल्यावर ते बंद पडले, आणि आता घंटागाडी निघून गेली की ज्यांचा कचरा द्यायचा राहिला ते सगळे पिशव्या तिथे भिरकावतात. आम्ही तीन वेळा जागा स्वच्छ केली, ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी लावली, तर कचरा नेमका पाटीखालीच पडू लागला. देवादिकांच्या चित्रांच्या फरशा लावाव्यात असे एकाने सुचवले, पण कचऱ्याच्या राखणीला देव बसवणे माझ्या मनाला पटले नाही.

त्यापेक्षा मागांच्या या भंगारातूनच तिथे काही उभे करावे, असे माझ्या डोक्यात घोळत आहे. गल्लीतल्या आणखी सात-आठ घरांत माळ्यावर असेच सामान पडून आहे. मी कलाकार नाही, हिशेब लिहिणारा माणूस आहे. शेजारच्या काकूंनी मला सरळच विचारले की, जे लोखंड घरातून एकदाचे गेले म्हणून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तेच तू पुन्हा दारात मांडून ठेवणार का? या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि अजूनही नाही.

अशी कामे ज्यांनी पाहिली किंवा केली आहेत त्यांनी कृपया सांगावे की, सुरुवात कशी करावी, ऊनपावसात हे सामान टिकते का, आणि शेजाऱ्यांचे मन वळवावे की आधी काम करून मग दाखवावे.

उत्तर १ : निवृत्त सुभेदार, सातारा

कांडीकर, नोकरीत असताना माझी बदली चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत होती, आणि गावाकडून कोणीही आले की त्यांना रॉक गार्डन दाखवायला नेणे हे माझ्याकडे आपोआप आलेले काम होते. त्यामुळे ती बाग मी दहा-बारा वेळा तरी पाहिली आहे, आणि दर वेळी पाहुण्यांपेक्षा मीच जास्त रेंगाळलो आहे.

ती उभी करणारे नेकचंद सैनी सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. त्यांचा जन्म १९२४ चा. त्यांचे गाव फाळणीत पाकिस्तानात गेले. चंडीगडचे नवे शहर वसवताना तिथली जुनी खेडी पाडली जात होती आणि त्यातून निघालेला तुटकाफुटका माल पडून होता. साधारण १९५७ पासून या गृहस्थांनी नोकरी सांभाळून तो सायकलवरून वाहून न्यायला सुरुवात केली. सुखना तलावाजवळच्या सरकारी जंगलात एक घळ होती. तिथे बांधकामाला बंदी होती, म्हणून कोणी फिरकतही नसे. सुमारे अठरा वर्षे हे काम चोरून चालले. १९७५ मध्ये ते अधिकाऱ्यांच्या नजरेस पडले तेव्हा पाडून टाकण्याचीच भाषा झाली, परंतु पाहायला येणाऱ्या लोकांची रीघ लागली आणि १९७६ मध्ये बाग रीतसर सर्वांसाठी खुली झाली. नेकचंदांना तेच काम करण्यासाठी पगार, पद आणि पन्नास मजूर मिळाले. पुढे १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुमच्या उपयोगाची गोष्ट यापुढची आहे. तिथे एक संपूर्ण भिंत विजेच्या जुन्या चिनीमातीच्या सॉकेटांची आहे. एक सॉकेट हातात घेतले तर ते फेकून द्यायच्याच लायकीचे असते, पण शेकडो सॉकेटे एकाला एक लावून बसवली की प्रत्येकाच्या भोकातली सावली वेगळी पडते, आणि सकाळची भिंत व दुपारची भिंत एक राहत नाही. डांबराच्या रिकाम्या पिंपांच्या भिंती आहेत. फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या आहेत. त्यांच्या अंगावर बांगड्यांचे तुकडे इतके दाट बसवले आहेत की लांबून ते नेसूचे कापडच वाटते. सायकलचे चिमटे प्राण्यांचे पाय झाले आहेत आणि बैठका त्यांची तोंडे. पण या आकृत्या एकेकट्या फारशा देखण्या नाहीत. पन्नास-पन्नास जणींची रांग टेकाडावर तुमच्याकडे बघत उभी राहते, तेव्हा त्यांचा वचक बसतो.

म्हणून माझे मत असे की, धोट्यांचा मोर आणि दातेरी चाकाचे सूर्यफूल अशा फंदात पडू नका. तसे मोर प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या चौकात गंजत उभे आहेत. तुमच्याकडे धोटे पोत्याने आहेत, तर धोटेच लावा, खूप लावा, आणि ते धोटेच दिसू द्या.

शेजाऱ्यांबद्दल विचाराल तर मी म्हणेन, आधी करून दाखवा. नेकचंदांनी परवानगीचा अर्ज केला असता तर आज तिथे नुसती घळ राहिली असती.

उत्तर २ : बिडाचा माणूस, शिरोली

सुभेदार साहेबांच्या शेवटच्या वाक्याशी माझे जमत नाही, पण ते नंतर. आधी लोखंडाचे बोलतो, कारण माझा जन्म फाउंड्रीत गेला आहे आणि मागाचे सुटे भाग आम्ही स्वतः ओतलेले आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, चौकटी बिडाच्या आहेत हे वेल्डिंगवाल्याला दाखवण्याआधी लक्षात ठेवा. साध्या रॉडने बीड जोडायला गेलात तर सांधा धरल्यासारखा दिसेल आणि थंड होताना शेजारीच तडकेल. निकेलचा रॉड आणि भाग आधी तापवून घेणे हा उपाय आहे, परंतु तो खर्चाचा आहे आणि रस्त्याच्या कडेला जमण्यासारखा नाही. त्याची गरजही नाही. मागाच्या चौकटीला मुळातच इतकी बोल्टची भोके असतात की सगळी मांडणी नटबोल्टने करता येते. पुढेमागे एखादा भाग बदलायचा झाला तर तो सोडवताही येतो.

दुसरी गोष्ट तेलाची. तीस-चाळीस वर्षे त्या बिडाने तेल प्यायले आहे आणि वर कापसाच्या तुसाचा थर बसून काळे मेण झाले आहे. त्यावर थेट रंग मारलात तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघतील. आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडा, मग रॉकेल किंवा डिझेलने पुसा, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवा (हातमोजे आणि चष्मा घालूनच; सोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते), साध्या पाण्याने पुन्हा धुऊन कोरडे करा, तारेच्या ब्रशाने गंज काढा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्राइमर द्या. धुतलेले बीड रात्रभर उघडे ठेवले तर सकाळी त्यावर नारिंगी साय आलेली असते. प्राइमरवर एनॅमलचे दोन हात पुरेत. माझे ऐकाल तर रंगीबेरंगी करू नका, काळा किंवा गडद हिरवा ठेवा. मागाचा मूळ रंग बहुतेक तोच असतो.

पाया काटकसरीने करू नका. चौकट जड असते म्हणून ती आपोआप उभी राहील असे वाटते, पण जड वस्तू कलली की तिला थांबवणारे कोणी नसते. मुले त्यावर चढणारच, त्यांना चढू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही. ती चढतील असे धरूनच काम करा. दोन फूट खणून, काँक्रीटमध्ये फाउंडेशन बोल्ट सोडून त्यावर चौकट आवळावी, आणि काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा थोडा वर व चारी बाजूंनी उतरता ठेवावा, म्हणजे तळाशी पाणी साचणार नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसला वॉट्स टॉवर्स म्हणून मनोरे आहेत. सायमन रोडिया नावाच्या इटालियन मजुराने १९२१ ते १९५४ अशी तेहतीस वर्षे एकट्याने ते बांधले. सळया, जाळी, सिमेंट आणि वर फुटक्या फरशा, शिंपले, बाटल्यांच्या काचा. सळया वाकवायला त्याने जवळच्या रेल्वेच्या रुळाचा शिकंज्यासारखा उपयोग केला. सर्वांत उंच मनोरा जवळजवळ शंभर फुटांचा आहे, आणि त्यात एकही वेल्ड नाही. तो माणूस जागा सोडून गेल्यावर नगर प्रशासनाने बांधकाम धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. तेव्हा १९५९ मध्ये लोकांनी भार लावून चाचणी घ्यायला लावली. दहा हजार पौंडांचा ओढा लावला, मनोऱ्याचे काही बिघडले नाही आणि ओढणाऱ्या यंत्राची दांडी वाकली. ही गोष्ट मी आमच्या शिकाऊ पोरांना नेहमी सांगतो. तुमच्या कोपऱ्यावर आज ना उद्या कोणी अधिकारी येऊन हे कोणाच्या डोक्यात पडले तर काय, असे विचारणारच. त्या वेळी पायाचे फोटो आणि कोणा अभियंत्याची सही हातात असली तर वाद तिथेच संपतो.

पोकळ्या बुजवा किंवा त्यांना खालून भोके पाडा. आमच्या ओळखीच्या एका वसाहतीत हौसेने जुने टायर रंगवून कुंड्या केल्या, आणि पावसाळ्यात डेंग्यूचे पहिले चार रुग्ण त्याच रांगेतल्या घरांत निघाले. एडिस डासाला बाटलीच्या झाकणाएवढे पाणी पुरते आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस. धोटा मधून कोरलेला असतो, हे विसरू नका. तो उताणा लावला तर छोटी होडीच होते. पालथा किंवा उभा लावा.

आणि चोरीचे काय? बिडाला भाव आहे. बोल्ट आवळल्यावर नटाच्या बाहेर राहिलेले आटे छिन्नीने ठेचून टाका, म्हणजे पान्ह्याने सुटणार नाही. सोडवता येण्याबद्दल मी वर जे लिहिले त्याच्या हे उलट आहे, हे मला कळते. वरचे सांधे सुटे ठेवा आणि पायाचे ठेचा.

परवानगीबद्दल थोडक्यात : ती जागा कोणाची आहे, हे नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढून आधी पाहा. नळकोंडाळ्याची जागा बहुधा सार्वजनिकच असेल. घळीत कोणी फिरकत नव्हते म्हणून अठरा वर्षे मिळाली. तुमच्या गल्लीत अठरा तासही मिळणार नाहीत.

उत्तर ३ : प्राजक्त, मिशिगन

मी डेट्रॉइटपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते. कांडीकर यांच्या शेजारच्या काकूंनी विचारलेला प्रश्न वाचून लिहावेसे वाटले, कारण हाच प्रश्न डेट्रॉइटच्या हायडलबर्ग स्ट्रीटवर तीस वर्षे विचारला गेला आहे.

डेट्रॉइट हे मोटारींचे गाव. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते, २०१० मध्ये सव्वासात लाखही उरले नाहीत. कारखाने गेले, माणसे गेली, घरे रिकामी पडली, काही जळली, काहींच्या जागी गवत वाढले. शहराच्या पूर्व भागातल्या अशाच एका रस्त्यावर टायरी गायटन यांचे बालपण गेले होते. १९८६ मध्ये त्यांनी, त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने आणि त्यांचे आजोबा सॅम मॅकी यांनी मिळून मोकळ्या जागांतला कचरा झाडायला सुरुवात केली आणि झाडून जे निघाले तेच घरांवर, झाडांवर, पदपथांवर मांडले. बाहुल्या, व्हॅक्यूम क्लीनर, मोटारींची बॉनेटे, टेलिफोन, कापडी अस्वले. एका घरावर नखशिखान्त रंगीत ठिपके आहेत. आजोबा रंगारी होते, आणि नातवाच्या हातात पहिला ब्रश त्यांनीच दिला होता.

मी प्रथम गेले तेव्हा मला ते आवडले नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते. माझ्या डोळ्यांना तो पसारा वाटला. मग रंगवलेल्या घड्याळांपाशी थांबले. लाकडी फळ्यांवर घड्याळांच्या तबकड्या काढल्या आहेत, प्रत्येकीवर वेगळी वेळ आहे आणि त्या घरांच्या भिंतींवर, झाडांवर, गवतात जिथे तिथे दिसतात. आधीच्या एका मांडणीत झाडाच्या फांद्यांना बूट टांगलेले होते. त्याचा अर्थ मला नंतर समजला : अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांना झाडाला लटकावून मारत असत, आणि खाली उभ्या असलेल्यांना वर पाहिल्यावर बुटांचे तळवे दिसत, अशी आठवण आजोबांनी नातवाला सांगितली होती. ते कळल्यावर पसारा हा शब्द माझ्या तोंडातून पुन्हा निघाला नाही.

परंतु माझे सांगणे वेगळे आहे. शेजाऱ्यांपैकी अनेकांना हे काम कधीच आवडले नाही. आपली गरिबी पाहायला बाहेरगावचे लोक मोटारी घेऊन येतात, खिडकीतून फोटो काढतात आणि निघून जातात, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. शहराने १९९१ मध्ये बुलडोझर आणून त्यातली काही घरे पाडली आणि १९९९ मध्ये पुन्हा पाडली. त्यानंतर २०१३ आणि २०१४ मध्ये कोणीतरी रात्रीअपरात्री आगी लावल्या. डझनभर आगींत जुन्या रेकॉर्डींनी मढवलेले घर गेले, अस्वलांचे घर गेले. तरीही गायटन जळालेल्या घरांच्या चौथऱ्यांवर पुन्हा वस्तू मांडत राहिले. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच हे सारे टप्प्याटप्प्याने उतरवून तिथे वेगळ्या स्वरूपाचे काम करण्याचे ठरवले.

म्हणून सुभेदार साहेब, आधी करून मग दाखवणे हे जंगलात ठीक असेल. ज्या दारासमोर ती वस्तू रोज उभी राहणार आहे त्या दारातल्या माणसाला आधी विचारले पाहिजे. आणि कांडीकर, काकूंनी ‘मांडून ठेवणार का’ असे विचारले आहे; ‘मांडू नकोस’ असे त्या म्हणालेल्या नाहीत. मी तुमच्या जागी असते तर उत्तर शोधत बसण्यापेक्षा त्यांच्या घरातल्या मागाचे काय झाले, ते विचारले असते. गल्लीत कोणाला त्या खडखडाटाची आठवण येते आणि कोणाला तो बंद झाला म्हणून बरे वाटते, हे कळल्याशिवाय तिथे काय उभे करायचे ते ठरणार नाही. तिथे रात्रपाळ्या झाल्या असतील, कोणाची बोटे गेली असतील, कोणाच्या कानांची ऐकण्याची शक्ती गेली असेल. बाहेरच्यांना धोटा सुंदर दिसतो. ज्याला तो उडून लागला असेल त्याला काय दिसते?

उत्तर ४ : वर्गीकरण, पुणे

थोडे वेगळे बोलते. मी बरीच वर्षे कचरावेचक महिलांसोबत काम केले आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती मुळात या प्रश्नावर की आपण ज्याला कचरा म्हणतो तो कोणाच्या तरी पोटाचा व्यवसाय आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग शाळेत फार गोंडस वाटतो, पण भंगारातले लोखंड, बीड, तांबे हे टाकाऊ नसतेच. ते वितळून पुन्हा उभे राहणार असते, आणि त्या साखळीत पाच-सहा माणसांचे हात असतात. कलाकृतीच्या नावाखाली चांगले भंगार विकत आणून चौकात रोवायचे, हे मला उधळपट्टीचे वाटते. दिल्लीत सराय काले खां येथे २०१९ मध्ये जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती सुमारे १५० टन भंगारातून उभ्या केल्या. पाहायला गर्दी असते, वेल्डिंगचे कसब दांडगे आहे, याबद्दल वाद नाही. पण आयफेल टॉवर पाहताना ते भंगार कोणाच्या घरचे, कोणत्या कारखान्यातले, हे काही केल्या कळत नाही. लोखंड नवे असते तरी फरक पडला नसता.

तुमचे तसे नाही, म्हणून तुम्ही करावे असे मला वाटते, फक्त दोन गोष्टी पाळा. माळ्यांवरून जे येईल त्यातले गल्लीला ओळखू येईल तेवढेच ठेवा आणि बाकीचे नेहमीच्या भंगारवाल्याला द्या. त्यालाच कामात घेतलेत तर आणखी चांगले, कोणत्या घरातून काय निघाले हे त्याच्याइतके कोणाला माहीत नसते. दुसरे, हौसेच्या भरात काहीही लावू नका. जुन्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, जुन्या टीव्हीच्या काचेत शिसे असते, आणि सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. या वस्तू फोडणे किंवा कापणे धोक्याचे आहे. प्लॅस्टिकच्या कांड्याही टाळा. उन्हात दोन-तीन वर्षांत त्या ठिसूळ होऊन त्यांचा चुरा गटारात जातो. लाकडी असतील त्याच घ्या.

आणि कोपऱ्यावरचा कचरा केवळ सुशोभीकरणाने थांबत नाही, हे अनुभवाने सांगते. तिथे पिशव्या टाकणारे बहुतेक जण घंटागाडीच्या वेळेला कामावर असतात. त्यांच्या घरांचा ओला-सुका कचरा सकाळी कोण गोळा करून देईल, हे आधी ठरवा, नाहीतर तुमच्या धोट्यांच्या पायाशी पुन्हा त्याच पिशव्या येतील.

कांडीकर, इचलकरंजी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, त्याचे कारण प्राजक्तताईंचा सल्ला मी शब्दशः पाळला.

काकूंकडे गेलो. त्यांच्याकडे सहा माग होते हे मला ठाऊक होते, पण त्या स्वतः लग्नानंतर बावीस वर्षे कांड्या भरत होत्या हे ठाऊक नव्हते. त्यांनी मला फण्या लावू नकोस असे सांगितले. फणीच्या दातांतून एकेक धागा ओवताना, म्हणजे वहिफणी करताना, त्यांच्या मोठ्या जावेचे डोळे गेले असे त्या मानतात. फण्या मी भंगारवाल्याला देऊन टाकल्या. धोट्यांना मात्र त्यांची हरकत नाही. उलट, आमच्याही मागांचे धोटे घे, पण ते तुमच्या धोट्यांत मिसळू नकोस, असे त्यांनी बजावले. हे ऐकून मला वडिलांची आठवण झाली.

त्यावरून मांडणी आपोआप ठरली. दोन बिडाच्या चौकटी समोरासमोर सात फुटांवर उभ्या करायच्या, मध्ये वरपासून खालपर्यंत ताणलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारा, म्हणजे ताणा (मागावरचे उभे धागे), आणि त्या तारांवर धोटे उभे, दर घराचा पट्टा वेगळा. आजपर्यंत नऊ घरांतून एकशे चाळीस धोटे जमले आहेत. भंगारवाले चाचा स्वतःहून अकरा धोटे घेऊन आले; ते कोणत्या घरचे हे त्यांनी अचूक सांगितले, आणि त्यांपैकी दोन घरे आता गावातच नाहीत. त्यांचे पट्टे कडेला ठेवणार आहोत.

मालमत्ता पत्रकासाठी अर्ज दिला आहे. जागा सार्वजनिक निघाल्यास लेखी परवानगी मिळेपर्यंत खणणार नाही, असे गल्लीच्या बैठकीत ठरले. ओळखीच्या एका अभियंत्याने पायाचा आराखडा फुकट काढून दिला, फक्त खोली दोनऐवजी अडीच फूट करायला लावली. सकाळच्या कचऱ्याचे काम दोन निवृत्त कामगारांनी घेतले आहे; प्रत्येक घर त्यांना महिन्याला ठरावीक रक्कम देईल. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावर तीनच पिशव्या पडल्या, आणि उभे तर अजून काहीच केलेले नाही!

सुभेदार साहेब, मोर होणार नाही. आठ नंबरचा धोटा मी लावणार नाही, तो घरातच राहील.

एक शंका राहिली आहे. धोट्यांचे लाकूड चिवट आहे, पण उन्हात ठेवून पाहिलेल्या दोन धोट्यांना टोकाकडून बारीक चिरा गेल्या. जवसाचे तेल द्यावे असे एका सुताराने सांगितले. ते किती वेळा द्यावे?

बिडाचा माणूस, शिरोली

चिरा टोकाकडूनच जाणार, कारण तिथे लाकडाचे रेषे उघडे असतात आणि लोखंडी टोपीच्या खाली ओल अडकते. टोप्या काढता आल्या तर काढा. त्या टोकदार असतात, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर त्या नसलेल्याच बऱ्या. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड जवसाचे तेल मिळते, ते घ्या. कच्चे तेल आठवडाभर चिकट राहते आणि त्यावर सगळी धूळ बसते. पहिला हात पातळ करून द्या, टोकांना दोनदा. वीस मिनिटांनी वरचे जादा तेल फडक्याने पुसून काढा, नाहीतर त्याची साय धरते. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ देऊन असे तीन हात द्या, आणि पुढे दर वर्षी पावसाळ्याच्या आधी एक.

तेल पुसलेल्या फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि गुंडाळलेले फडके काडी न लावता पेट घेते. आमच्या पॅटर्नच्या (ओतकामाच्या लाकडी नमुन्यांच्या) खोलीत एकदा असेच झाले होते, आणि तिथे तर कापूस नव्हता. तुमच्याकडे शेजारच्या चालू मागांचे तूस हवेत असते. फडकी पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, आणि रात्री शेड बंद करण्यापूर्वी एकदा मोजून घ्या.